वर काय टाकतेस?

दौलत शेठच्या डंक्यावर मसाला भाजायला दोन शेगड्या होत्या. एक कौसल्याची, एक बकुळाची. मध्ये जेमतेम चार हात अंतर. कौसल्याच्या शेगडीपुढे पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग असायची आणि बकुळाच्या शेगडीपुढे गल्लीतलं एक बोकं अंग चाटत बसलेलं असायचं. तेही भाव विचारायला आलेलं नसे.

एप्रिल अर्धा सरला होता. लालबागच्या मिरची गल्लीत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. पण यंदा बेडगी मिरचीने असा भाव खाल्ला की पाच किलो मसाला करणारी बाई दोन किलोवर आली आणि दोन किलोवाल्या सुनांनी फोनवरून पाकिटं मागवली. आतल्या अंगाला मसाला कुटणारा डंका धाड धाड चालू होता, पण मधेच थांबत होता. थांबला की दौलत शेठ गल्ल्यावरून मान वर करून बघायचा. त्याने बकुळाला आधीच सांगून टाकलं होतं.

"बकुळाबाई, एक मेपर्यंत तुमच्या कढईतून तीनशे किलो निघाला तर शेगडी तुमची. नाय तर तिथे मी पाकिटं भरायचं मशीन बसवतो. राग मानू नका."

बकुळाने राग मानला नव्हता. घाबरली मात्र होती. पंधरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या शेगड्यांवर रोजावर मिरच्या भाजल्या होत्या. उजव्या मनगटावर कढईच्या कडेचे डाग, घशात कायमची खरखर, आणि मे महिन्यात रात्री झोपताना बोटं ओल्या फडक्यात गुंडाळायची सवय. एवढं कमावल्यावर ही पहिली शेगडी तिची स्वतःची होती. झारा तिचा, पाटी तिची. पाटीवर तिने पोराकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'भाजणावळ किलोला सत्तर रुपये. भाव एकच.'

आणि इथेच सगळं घोडं अडलं होतं. कौसल्या नव्वद सांगायची. ओढाताण होऊन पंच्याहत्तरला यायची. बकुळाचा भाव सरळ सत्तर. दोघींची भाजणी सारखीच खमंग, बकुळाची तर कणभर सरसच. तरी बायका पाच रुपये जादा मोजून कौसल्याकडे उभ्या राहायच्या. बकुळाला आधी वाईट वाटलं, मग चीड आली, आणि शेवटी नुसतं कुतूहल उरलं. रिकाम्या कढईसमोर बसून दुसरं करायचं तरी काय? ती कान देऊन ऐकू लागली.

गिरगावातून एक म्हातारी आली. हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"नव्वद?" म्हातारी किंचाळली. "मसालो भाजतंस काय सोना?"

"काकी, गॅसचो भाव बघा," कौसल्या झारा न थांबवता म्हणाली. "तुम्ही खंयच्या?"

"देवगडच्या."

"देवगडात खंय?"

"जामसंड्याक."

"अगो बाई! माझी मावशी जामसंड्याक दिलेली!"

मग मावशीचं घर कुठल्या आडाजवळ, तिच्या दिराने कलमं कुणाला विकली, यंदा मोहर कसा जळला, हे सगळं झालं. मधे दोनदा म्हातारी पिशवी उचलून निघाली आणि दोनदा कौसल्याने तिला हाक मारून बसवलं. शेवटी मावशीच्या गावची म्हणून पंच्याहत्तर ठरले. म्हातारी खूश, कौसल्या खूश. बकुळाने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं गेली होती आणि म्हातारीने सत्तरची पाटी वाचूनसुद्धा पंच्याहत्तर दिले होते.

दुपारी चहा पिताना बकुळाने विचारलंच. "कौसल्याताई, माझा भाव कमी आहे. मग माझ्याकडे का येत नाहीत?"

कौसल्या बशीत फुंकर मारत म्हणाली, "तू भाव सांगतंस आणि गप ऱ्हवतंस. माणसाक वाटता, ही आपणाक वाटेक लावता. थोडा भांडाक नको?"

"पण सत्तर हा खरा भाव आहे."

"खरो आसा गो. पण तो तुझो. तेंनी केलेलो नाय ना."

बकुळाला हे पटलं नाही, पण डोक्यातून जाईनाही. दोन दिवसांनी तिने पाटी उलटी केली. दादरची एक नीटनेटकी बाई आली, सहा किलोचा माल घेऊन. बकुळाने जीभ जड करून "ऐंशी" म्हटलं. खोटं बोलल्यासारखे तिचे कान तापले.

"जास्त होतात हो," बाई हसून म्हणाली. "तुम्ही कोकणातल्याच ना? गाव कुठलं?"

"खेड."

"अय्या, आमचं चिपळूण! खेडमध्ये कुठे?"

बकुळाने गावाचं नाव सांगितलं.

"वाडी कुठली?"

बकुळाचा झारा थांबला. कौसल्या किती सहज बोलायची! पण कौसल्याचा रस्ता मावशीच्या अंगणात जायचा. आपला कुठे जातो हे बकुळाला चांगलं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "बौद्धवाडी."

"हो का? अच्छा, अच्छा," बाई म्हणाली. तिने पर्समधून फोन काढला, त्यात काहीतरी पाहिलं आणि पिशवी परत हातात घेतली. "माझे जरा धणे घ्यायचे राहिलेत, ते घेऊन येतेच हं."

धणे लालबागेत पावलोपावली मिळतात. बाई काही परत आली नाही. बकुळाने पाटी सुलटी केली आणि पुन्हा गप्प बसली. सत्तर रुपये म्हणून मोकळं व्हावं, गाव नको आणि वाडी नको. अपमान गिळायची सवय असली म्हणून तो गोड लागतो असं नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकूण आकडा एकशे दहावर अडकला होता.

एकच भाव हा तिच्या सासऱ्यांचा दंडक. बुधाजी आता चौऱ्याऐंशीचे. भोईवाड्यातल्या चाळीत दाराशी खुर्ची टाकून बसायचे. गिरणीत सगळी हयात गेली, पण आयुष्यात त्यांनी कुणाशी कधी घासाघीस केली नाही. भाजीवाल्याने वीस म्हटलं की वीस. मुंबईत आल्यावर त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल, तर दुकानातल्या वस्तूला चिकटवलेली किमतीची चिठ्ठी. सगळ्यांना सारखी. बापाचं नाव न विचारणारी. बकुळा लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी तिला घरातल्या दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पोरांना शिकवायचं आणि भाव एकच सांगायचा.

शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि त्यातून शांताबाई उतरली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण. हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात ठसठशीत सोनं, आवाज असा की डंकासुद्धा दबावा. चाळीस घरांचा वर्षाचा मसाला एकत्र करायचा म्हणून ती आली होती. दोनशे किलोच्या वर माल. बोटी अजून दर्यात जात होत्या, बायकांना मासळीतून सवड नव्हती, म्हणून मिरच्या वाळवून तशाच पोत्यात भरल्या होत्या. ती आधी कौसल्याकडे गेली. कौसल्याकडे आठ दिवसांची रांग होती. मग ती वळली.

"काय गो, किती घेतेस?"

"सत्तर," बकुळा म्हणाली.

"पन्नास."

"सत्तर."

"पंचावन. आणि तुज्या पोराच्या लग्नाला पापलेट माझ्याकडून."

"सत्तर."

शांताबाईने कमरेवर हात ठेवले. "बाई हायस का रेल्वेचा भोंगा? साठ. हा शेवटचा. चालले मी."

आणि ती चालू लागली. अगदी सावकाश. दहा पावलांवर नारळवाल्याकडे थांबून तिने उगाच एक नारळ हलवून पाहिला. बकुळा तिच्या पाठीकडे बघत राहिली. हाक काही तोंडातून निघेना. जाणाऱ्याला बोलावणं म्हणजे आपलं बोलणं खोटं होतं असं ती आयुष्यभर ऐकत आली होती. कौसल्या डोळ्यांनी खुणावून थकली.

शांताबाई आपणच परत आली. चांगलीच भडकली होती.

"बोलावलं का नाय?"

"तुम्ही चालले म्हणालात."

"अगो, चालले म्हंजे काय चालले? माझा टेम्पो हितं, माझा माल हितं! मी काय दर्यात जाते?" तिला आता हसू येत होतं. तिने बकुळाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, नवीन जातीचा मासा बघावा तसं. "बरं. तुजा भाव मोडत नाय ना? ऱ्हाऊ दे. आमच्याकडे पण वाट्याचा भाव मोडत नाय. गिऱ्हाईक लय रडलं तर त्याच वाट्यात वर एक बांगडा टाकायचा. सत्तर तर सत्तर. वर काय टाकतेस बोल."

बकुळाला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. भाव जिथल्या तिथे, आणि तरी माणूस परत जात नाही! ही युक्ती तिला कुणी कशी सांगितली नव्हती? तिने पोत्यात हात घातला. मिरच्यांना देठ तसेच होते.

"देठ काढून देते," ती म्हणाली.

कौसल्याचा झारा कढईतच थांबला. शांताबाईने मात्र फट्कन हातावर हात मारला. "झालं! आज आणलेलं चाळीस किलो घेऊन जा, बाकीचं मी परवा आणते." आणि जाताना वळून तिने विचारलं, "आणि काय बोलायचं ऱ्हायलंय तुजं?"

"नाही," बकुळा म्हणाली. शांताबाई जरा घुटमळली आणि गेली.

दुपारी चार वाजता चाळीस किलो मिरची भोईवाड्याच्या खोलीत आली. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या. बकुळाचा नवरा अजित रात्रपाळीचा वॉचमन होता. झोप अर्धी टाकून तो बसला. बुधाजीही खुर्चीवरून खाली उतरले. एक एक मिरची उचलायची, नखाने देठ मोडायचा, मिरची डावीकडे, देठ उजवीकडे. पहिल्या तासात नखांच्या कडा चुरचुरायला लागल्या. दुसऱ्या तासात अजितने चुकून डोळ्याला हात लावला आणि नळाकडे पळाला. बुधाजींची बोटं सांध्यात वाकडी झालेली, तरी त्यांच्यापुढचा ढीग सगळ्यांत नेटका होता.

"देठाचं किलोला काय?" त्यांनी विचारलं.

"त्याचं वेगळं नाही, मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "सत्तरमध्येच. वर म्हणून दिलंय."

बुधाजींचा हात थांबला. हातातली मिरची त्यांनी परत ढिगावर ठेवली, भिंतीला धरून उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. परत येऊन खुर्चीत बसले. चादरीवर नाही.

"काय झालं, मामा?"

त्यांनी ओले हात मांडीला पुसले. मग म्हणाले, "माझी आय लाकडाची मोळी घेऊन जायची. खोताच्या वाड्याला. अंगणाबाहेर ठेवायची. आतली बाई मनाला येईल तेवढा पैसा लांबून टाकायची. आणि वर सांगायची, आलीयेस तर गोठा झाडून जा. आय गोठा झाडायची. मी दगडावर बसून बघायचो."

"मामा, ती वेठ होती. इथे मला कुणी सांगितलं नाही. मी माझ्या तोंडाने बोलले."

"आय पण तोंडानंच बोलायची, झाडते की म्हणून. हसून बोलायची." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नाय म्हणून सांगणार कुणाला?"

बकुळाने चादरीवर सांडलेले देठ एकत्र लोटले. तिला सासऱ्यांचा राग आला, कारण शेगडी जाणार होती तिची, त्यांची नव्हे. आणि लाजही वाटली, कारण ते बोलले ते तिला आतून माहीत होतं. देठ काढते म्हणाली तेव्हा तीसुद्धा हसली होती. अजितने हातातल्या मिरचीचा देठ मोडला आणि तोही उठला. उरलेल्या मिरच्यांना मग कुणी हात लावला नाही.

सोमवारी शांताबाई बाकीची पोती घेऊन आली. सोबत दोन कोळणी, काखेत टोपल्या. दौलत शेठ स्वतः काट्यापाशी येऊन उभा राहिला. पोतं पोत्यावर चढू लागलं. "शनिवारचे चाळीस धरून दोनशे तीन," तो म्हणाला आणि बकुळाकडे पाहून पहिल्यांदाच हसला. "मशीनवाल्याला नको म्हणून फोन करतो मी."

"थांबा, शेठ," बकुळा म्हणाली.

ती काट्यापाशी आली. "शांताबाई, देठाचं चुकून बोलले मी. देठ काढून देणार नाही. भाजते, सत्तरने. जमत नसेल तर माल परत घेऊन जा."

"शब्द दिलेलास तू!"

"दिला होता. परत घेते."

"डोकं फिरलं का तुजं?"

"आमच्या घरात फुकटचं काम करत नाहीत," बकुळा म्हणाली आणि मग तिला थांबता येईना. "माझी आजेसासू लाकडं विकायची गावात. पैसा लांबून टाकायचे आणि वर गोठा झाडून घ्यायचे. रोज. खेडची आहे मी, बौद्धवाडीची. आता विचारायचं काही राहिलं नाही. न्यायचा तर न्या माल."

रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. डंका नेमका तेव्हाच थांबलेला. दौलत शेठ काट्याचं वजन हातात धरून उभा. संपलं सगळं, असं बकुळाला वाटलं, आणि गंमत म्हणजे तिला हलकंही वाटलं.

शांताबाई कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. राग तिच्या तोंडावर नव्हता. कोडं पडल्यासारखा चेहरा होता.

"फुकट?" ती म्हणाली. "फुकट कोण बोललं तुला?"

"वर म्हणजे फुकटच ना?"

"अगो बाय माजे! मी वर बांगडा टाकते तो काय फुकट टाकते? ती बाई मग दुसऱ्या कोळणीकडे जात नाय. दिवाळीला मला फराळ आणते. माज्या लेकीच्या बाळंतपणात पंधरा दिवस तिच्या घरचा डबा होता हास्पिटलात. वर टाकलं का उलट वर येतंय. नाय आलं तर आमी भांडून आणतो!"

"मला कुठे आलं?"

"तू मागितलंस?" शांताबाई ओरडलीच. "मी विचारलं, वर काय टाकतेस. तू सांगितलंस. मग तू विचारायचं ना, आणि शांते, तू काय टाकतेस? मी थांबले हुते. दोनदा थांबले! घरी जाऊन बोलले, ही काय बाई हाय, अर्धाच सौदा करून गप बसली."

बकुळा बघतच राहिली. पंधरा वर्षं या गल्लीत काढून तिला सौद्याचा दुसरा अर्धा भाग असतो हेच माहीत नव्हतं. तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिथपर्यंत कधी कुणी जाऊच दिलं नव्हतं त्यांना.

शांताबाईने सोबतिणीच्या काखेतली टोपली ओढली, पेपर अंथरला आणि सुक्या बोंबलांची एक जुडी त्यावर ठेवली. तिच्याशेजारी मूठभर सोडे, सोललेली सुकी कोलंबी. "हे घे. देठाचं."

बोंबील चांगले होते. पांढरेशुभ्र, कडक. बकुळाचा हात सवयीने पुढे झाला, पदर सावरून, समोर ठेवलेलं उचलायला. मग तिने तो मागे घेतला. सगळी गल्ली आपल्याकडे बघतेय असं तिला वाटत होतं आणि ते खरंच होतं.

"एवढेच?" ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला, पण निघाला. शांताबाईचं तोंड असं फुललं की विचारू नका.

"एवढेच बोलते! ऐकलंत का गो? दोनशे किलो मिरचीचे देठ काय सोन्याचे हायत?" आणि शिव्या देत देत तिने दुसरी जुडी टाकली.

"आणि देठ काढायला तुमच्यातल्या दोघी पाठवा. माझ्या घरी, भोईवाड्यात. आम्ही तिघं, तुम्ही दोघी."

"दोघी नाय. एकच."

"दोघी," बकुळा म्हणाली. "जेवण माझ्याकडे."

"जेवणात काय?"

"तुमचेच बोंबील."

कौसल्या इतकी हसली की तिच्या कढईतले धणे करपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई आणि तिची जाऊ भोईवाड्यात आल्या. येताना चपला दाराबाहेर काढल्या, आणि न विचारता माठातलं पाणी घेऊन प्यायल्या. चादरी पुन्हा अंथरल्या गेल्या. बुधाजी खुर्चीतच होते. ते या अनोळखी बायकांच्या हातांकडे बघत राहिले. त्या हातांवर मासळीच्या काट्यांचे वण होते आणि देठ मोडायचा वेग बकुळाहून दुप्पट. तासभर त्यांनी नुसतं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली उतरले आणि सुनेच्या शेजारी बसले.

"बकुळा."

"काय, मामा?"

"तू मागितलंस?"

"मागितलं."

"तोंडानं?"

"तोंडाने. सगळ्यांसमोर."

त्यांनी एक मिरची उचलली, देठ मोडला, डावीकडे टाकली. दुसरी उचलली. ती मात्र बोटांत तशीच धरून बसले.

"काय म्हणालीस?"

"एवढेच, म्हणाले."

"एवढेच," बुधाजी स्वतःशी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत लहान मुलाची उत्सुकता होती. "मोठ्यानं म्हणालीस?"

"आधी बारीक निघालं, मामा."

"मग आता मोठ्यानं म्हण. मला ऐकायचंय."